नटवर्यांच्या टाळ्या

आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे आजोबा दर शनिवारी लग्नं लावायला जायचे. खरंच सांगते. जपानात, सेंदाईत, एका हॉटेलच्या मागे काचेचं छोटं चर्च आहे. त्यात प्रार्थना वगैरे काही होत नाही, नुसती लग्नं लागतात. जपानी नवरा-नवरीला फोटोत पिकल्या केसांचा, उंच, गोरा पाद्री लागतो. मग हॉटेलवाले असा एखादा परदेशी माणूस हेरतात आणि त्याला झगा चढवतात. इथे अशा फुटकळ नोकरीला बाइतो म्हणतात. कॉलेजची पोरं दुकानांत उभी राहून बाइतो करतात आणि आमचे आजोबा सत्तरी उलटल्यावर पाद्री होण्याचा बाइतो करत होते. देवावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

ते मूळचे चेक, प्रागमधले नट. आयुष्यभर नाटकं केली, मधून मधून सिनेमे केले आणि म्हातारपणी जपानी बायकोच्या मागे तिच्या गावी आले. मी त्यांना तोंडावर सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणायचे, माझी मुलगी ओजीसान, म्हणजे आजोबा म्हणायची, आणि आमच्या घरात ते नसताना त्यांचं नाव होतं नटवर्य. कारण हा माणूस कचरासुद्धा साधेपणाने टाकायचा नाही.

ओळखच मुळी कचऱ्यावरून झाली. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आले होते, नवरा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करत होता, मुलगी बालवाडीत. नवी नवी असताना एका सकाळी मी प्लास्टिकची बाटली झाकणासकट टाकली. मागून कोणीतरी खाकरलं. वळून बघते तर ड्रेसिंग गाऊनमधला हा ताडमाड म्हातारा. त्यांनी बाटली बाहेर काढली. झाकण फिरवून काढलं, त्याच्याकडे असं बघितलं की जणू लेक सासरी निघालीय, आणि ते वेगळ्या डब्यात टाकलं. लेबल सोललं, छातीशी धरलं, तेही गेलं. शेवटी उघडीबोडकी बाटली दोन्ही हातांनी उंच धरली आणि अलगद तिच्या डब्यात ठेवली. तोंडातून एक शब्द नाही. मला हसू आवरेना, मी टाळ्या वाजवल्या. तर हा माणूस एकदम गंभीर झाला, पाय जुळवले, कमरेतून वाकला. वर आले तेव्हा डोळ्यांत पाणी. मनात म्हटलं, अगं बाई, आता हे काय नवीन?

"इथे आल्यापासून पहिली टाळी," ते म्हणाले.

मी गंमत म्हणून वाजवली होती. त्यांनी ती मनाला लावून घेतली आणि आमचं जाणं-येणं सुरू झालं.

आमचं बोलणं म्हणजे मोडकी जपानी, मोडकी इंग्रजी आणि उरलेले हातवारे. त्यांची बायको, जिला आम्ही ओकुसान म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे वहिनी किंवा बाईसाहेब म्हणू तसं, ती बाजूला बसून त्यांच्या चुका सुधारायची. ठेंगणी, नीटनेटकी, फटकळ बाई. दोघं अखंड भांडायची, आणि भांडण चेकमध्ये असल्यामुळे आम्हाला फुकटात नाटक बघायला मिळायचं.

नटवर्यांचे वडील एका लहान गावातल्या साखर कारखान्यात होते. मी सांगलीकडची. साखर कारखाना म्हटल्यावर मला तो माणूस एकदम गावचाच वाटायला लागला. बीट शिजतं तेव्हा सगळ्या गावाला वास येतो म्हणाले. मी म्हटलं, उसाच्या मळीचा वास हुंगून बघा एकदा, मग बोला. वडिलांना मुलगा कारखान्यात चिकटवायचा होता, हे पळून नाट्यशाळेत गेले. पहिली नोकरी कोळशाच्या खाणींच्या गावातल्या नाटक कंपनीत. प्रेक्षक म्हणजे पाळी संपवून थेट आलेले खाणकामगार. पहिल्या अंकातच डुलक्या काढायचे. "त्यांना जागं ठेवायला शिकलो, तेच माझं शिक्षण," म्हणायचे. मग प्राग, मोठं थिएटर, मोठ्या भूमिका. सिनेमात मात्र कायम कुठला तरी तिसरा पोलीस नाही तर दारूच्या गुत्त्याचा मालक. एकच सिनेमा त्यांच्या नावावर चालला, तोही मुलांसाठीचा. त्यात ते तळ्यातलं भूत झाले होते. हिरवा कोट, कोटाच्या टोकातून सतत पाणी गळतंय, आणि बुडून मेलेल्यांचे आत्मे उपड्या कपांखाली जपून ठेवतंय. तिकडे नाताळात तो सिनेमा टीव्हीवर लागतो. त्यांनी माझ्या मुलीसमोर कप उपडा घातला आणि सांगितलं, उचलू नकोस, आतला निघून जाईल. पोरगी कितीतरी दिवस उपड्या कपाला हात लावायची नाही. भांडी घासताना माझ्या नाकी नऊ आले.

ऐन उमेदीत त्यांनी कुठल्याशा सभेत तिथल्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध नको ते बोलून ठेवलं आणि वरून हुकूम आला. सिनेमा बंद, मोठ्या भूमिका बंद. मग पोटासाठी परदेशी सिनेमांना चेक आवाज द्यायला लागले. एकदा सामुराईचा सिनेमा आला. संवाद समजावून सांगायला प्रागमध्ये शिकणारी एक जपानी मुलगी बोलावली होती. नटवर्यांनी माइकसमोर अशी डरकाळी फोडली की काच हादरली. ती मुलगी उठून आत आली आणि म्हणाली, "इथे तो ओरडत नाहीये. लाजलाय तो."

"त्या दिवसापासून मला बोलतेच आहे," नटवर्य सांगायचे.

"ऐकतं कोण?" ओकुसान म्हणायच्या.

लग्नाआधी त्या त्यांचं प्रत्येक नाटक बघायला जायच्या, कायम शेवटच्या रांगेत. विद्यार्थिनीला तेवढंच परवडायचं. मग नटवर्यांना खोडच लागली, प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची. कुजबूजसुद्धा.

सेंदाईत ते आले ओकुसानची आई अंथरुणाला खिळली म्हणून. दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. म्हातारी चिवट निघाली. तिचं सगळं होईपर्यंत तिकडचं थिएटर नव्या माणसांच्या हातात गेलं होतं, बरोबरीचे मित्र एकेक करून संपले होते, आणि ह्यांना बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. इथे ह्यांना कोण ओळखणार? पाद्री, जाहिरातीतला वाइनवाला, डिसेंबरात दुकानासमोरचा सांताक्लॉज. एकदा मी विचारलं, लग्नात टाळ्या वाजतात की तुमच्यासमोर. म्हणाले, "वाजतात. नवरीसाठी. मी मागे उभा राहून ऐकतो."

 मी आपलं बोलून गेले, असू द्या, नवरीपेक्षा तुम्हीच देखणे दिसता.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा ओकुसाननी तिला भाड्याचा किमोनो आणला आणि आम्हाला सगळ्यांना शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात नेलं. मुली सात वर्षांच्या झाल्या की तशी रीत आहे इथे. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. मी चारचौघांत लाजत हळूच हातावर हात आपटला.

"डास मारतेस का?" मागून नटवर्य. "हात पोकळ धर. उजवा जरा खाली. बोटं सैल. देव शेवटच्या रांगेत बसलाय."

तिथे, त्या देवळाच्या पायरीवर, नास्तिक चेक माणसाने सांगलीच्या बाईला जपानी देवासमोर टाळी वाजवायला शिकवलं. मुलीने लगेच उचललं. मला वेळ लागला, पण बसला हात. त्यानंतर दर नव्या वर्षी मी अशी टाळी वाजवायचे की शेजारची कबुतरं उडायची आणि नवरा दोन पावलं लांब उभा राहायचा.

मग ती दिवाळी आली. सेंदाईत मराठी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. महापालिकेच्या एका सभागृहात आम्ही जमतो, मुलं नाच करतात, कोणीतरी भावगीत गातं, मग फराळ. मीच सुचवलं, ह्या वेळी आपण नटवर्यांना बोलावू. मंडळी म्हणाली, चेकमध्ये? कोणाला काय कळणार? मी म्हटलं, तुम्हाला मराठी नाटकातलं तरी कुठे सगळं कळतं?

त्यांना विचारलं. म्हणाले, घंटा आहे का? आपल्याकडे तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. मी देव्हाऱ्यातली घंटा नेली आणि विंगेत उभी राहून तीनदा वाजवली. त्यांनी त्यांची जुनी भूमिका काढली होती. रूळ उखडून नेलेल्या एका स्टेशनवरचा म्हातारा स्टेशनमास्तर. गाडी येणार नाही हे त्याला माहीत आहे, तरी रोज घोषणा करतो, बत्ती दाखवतो, न उतरलेल्या प्रवाशांना नमस्कार करतो. चाळिशीत ते ही भूमिका केसांना पावडर लावून करायचे. "आता पावडर वाचली," म्हणाले.

काय सांगू तुम्हाला. पहिली दोन मिनिटं पोरं इकडून तिकडे पळत होती, चिवड्याचे डबे उघडत होते. मग हळूहळू सगळं थांबलं. शब्द एक कळत नव्हता, पण गाडी दिसत होती. तिचा वारा लागत होता. मध्येच ते थांबले. फार वेळ थांबले. तेवढ्यात विंगेतून एका बाईच्या आवाजात एक शब्द आला, हलकेच, आणि स्टेशनमास्तरने मान वर करून त्या बाजूला बघितलं आणि पुढे बोलायला लागला. आम्हा सगळ्यांना वाटलं, ही त्याची वारलेली बायको असणार. समोर बसलेल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. नटवर्य वाक्य विसरले होते आणि ओकुसाननी पुरवलं होतं, हे मला फक्त विंगेत असल्यामुळे कळलं. ओकुसानना सगळं नाटक पाठ होतं. शेवटच्या रांगेत बसून पाठ झालेलं.

टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. नटवर्य वाकले, आत गेले. आणि मंडळी उठली फराळाला! एका सभ्य चेक माणसाने पडद्यामागे थांबून, श्वास घेऊन, दुसऱ्यांदा पुढे येऊन वाकावं आणि समोर काय, तर कागदी बशा घेतलेल्या मराठी पाठी. मी धावत विंगेतून पुढे आले आणि एकटीच वाजवत बसले. मुलगी आली, तिने वाजवल्या. बाकी चकल्यांच्या रांगेत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र चिडले नाहीत. खुर्चीवर बसले, मुलीने आणून दिलेला लाडू हातात धरला आणि मला समजावलं. "टाळी म्हणजे आभार नव्हे. नट आत गेल्यावर जोपर्यंत लोक वाजवतायत, तोपर्यंत त्याला बाहेर यावंच लागतं. दमलेला असो, आजारी असो. लोक थांबले की मगच तो घरी जाऊ शकतो. असा नियम आहे."

मग त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या देशात मोठा नट गेला की त्याचा निरोप थिएटरात होतो. शवपेटी रंगमंचावर असते, आणि ती उचलून बाहेर नेताना सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवतं. रडत रडत वाजवतं. त्यांनी स्वतः कितीतरी मित्रांसाठी वाजवल्या होत्या.

"मला एवढंच हवं आहे," ते म्हणाले. "पण माझं काम न बघितलेल्या माणसाने वाजवली तर ती खोटी. इथे मला कोणी बघितलेलंच नव्हतं. आज तुम्ही बघितलंत. तू वाजवशील?"

"असलं अभद्र बोलू नये सणासुदीचं," मी म्हटलं. "लाडू खा."

"वाजवशील का?"

"वाजवीन हो! हात लाल होईपर्यंत वाजवीन. पण घाई कसली आहे?"

घाई होती. ती त्यांना माहीत होती, ओकुसानना माहीत होती, आम्हालाच माहीत नव्हती. डिसेंबरात सांताक्लॉज झाले नाहीत तेव्हा कळलं. पोटातला कर्करोग, आणि तो भलत्या थराला गेलेला. जानेवारीत हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर तो ताडमाड माणूस पलंगावर मावून वर जागा उरत होती. आवाज गेला होता. माझ्याकडे बघून त्यांनी पांघरुणातून दोन्ही हात काढले, तळवे पोकळ धरले, एकावर एक ठेवले आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, लक्षात आहे माझ्या. शब्द दिलाय ना?

हे मी इतकं जिवाला का लावून घेतलं, तेही सांगते. माझे बाबा गेले तेव्हा मी सेंदाईतच होते. विमान मिळेपर्यंत सगळं उरकणार होतं. भावाने फोन धरला आणि मी लॅबच्या जिन्यात बसून बाबांना नेताना बघितलं. मध्येच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा अंगण रिकामं होतं. त्या रिकाम्या अंगणाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. निदान ह्या माणसाला तरी मी नीट पोचवणार होते.

फेब्रुवारीत एका सकाळी ओकुसान आमच्या दारात आल्या. केस नीट, कोट नीट, बटणं लावलेली. "गेले," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून आत आणलं, चहा टाकला. त्यांनी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि मग म्हणाल्या, "एक विनंती आहे. टाळ्या नकोत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्यांचे थोरले भाऊ एका खेड्यातल्या शिंतो देवळाचे पुजारी. घराणंच पुजाऱ्यांचं. अंत्यविधी शिंतो पद्धतीने होणार होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भावाने ह्या परदेशी माणसाला घराण्याच्या थडग्यात जागा दिली होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, भावकी आडवी गेली, तरी तो माणूस हटला नाही. "एवढं त्यांनी केलं," ओकुसान म्हणाल्या. "आता मेलेल्या माणसासमोर टाळ्या वाजवू द्या, हे कुठल्या तोंडाने मागू?"

"पण ओकुसान, त्यांनी तर..."

"मला माहीत नाही का त्यांना काय हवं होतं?" त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "मी सांगितलं त्यांना शेवटच्या दिवशी, जमणार नाही म्हणून. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, ते मला कळलं नाही."

मी बरं म्हटलं. त्या गेल्यावर मात्र भांडी आपटली, नवऱ्यावर उगाच खेकसले. मरताना माणसाने एक गोष्ट मागावी आणि तीही रीतभातीत अडकावी! नवरा म्हणाला, तिच्या जागी तू असतीस तर? मी म्हटलं, तू गप्प बस.

विधी एका सभागृहात होता. पांढरी फुलं, मधोमध पेटी, मागे फोटो. फोटो तरुणपणचा नव्हता, त्या दिवाळीतला होता, स्टेशनमास्तरच्या टोपीतला. मीच काढलेला. पुढे घरची माणसं, मागे आम्ही तिघं, आणि आमच्यामागे दिवाळीला असलेली मराठी मंडळी, सगळी काळ्या कपड्यांत अवघडून बसलेली. कोपऱ्यातल्या स्पीकरवर बासरीसारखं काहीतरी कर्कश, लांबलचक संगीत चालू होतं. पुजाऱ्याचे मंत्र म्हणून झाले आणि एकेक जण पुढे जायला लागला. पांढरे कागद लावलेली हिरवी डहाळी पेटीसमोर ठेवायची, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा वाकायचं. हे तर देवळातलंच, माझ्या ओळखीचं! पुढच्यांच्या मला नुसत्या पाठी दिसत होत्या. कोपरं हलत होती. टाळ्यांचा आवाज येत नव्हता, पण त्या बासरीत मला शेजारच्या नवऱ्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

माझी पाळी आली तोवर ते संगीत संपलं होतं.

मी डहाळी ठेवली. दोनदा वाकले. डोळे मिटले, हात पोकळ धरले, उजवा जरा खाली, आणि वाजवली.

अशी वाजली म्हणता! त्या शांत सभागृहात भिंतीवर आपटून परत आली. कोणीतरी दचकून श्वास घेतला. काहीतरी भयंकर चुकलंय हे मला कळलं, पण तोपर्यंत दुसरी टाळी हातातून सुटली होती. तीही तशीच, खणखणीत. मग मागे रांगेत उभ्या नवऱ्याची कुजबूज ऐकू आली, अगं, आवाज करायचा नसतो! त्याने बाजूच्या माणसाचे हात बघितले होते. अंत्यविधीत शिंतो लोक टाळी वाजवतात, पण तिचा आवाज करत नाहीत. हात जवळ आणायचे आणि टेकण्याआधी थांबायचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नटवर्यांनी तर मला शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवलं होतं.

मी जागेवर कशी आले ते मला आठवत नाही. कान पेटले होते. पुढे ओकुसान बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलायला लागले. झालं, मनात म्हटलं, ज्या बाईने एवढी हात जोडून विनंती केली तिला मी भावासमोर तोंड वर करायला जागा ठेवली नाही. त्यांनी रुमाल तोंडावर दाबला. मग मान जराशी वळली आणि मला त्यांचा डोळा दिसला. त्या हसत होत्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

बाहेर बारीक बर्फ पडत होतं. पेटी गाडीत ठेवली. इथली रीत अशी की विधवा मृताच्या नावाची लाकडी पाटी हातात घेते, दुसरं कोणी फोटो धरतं, दोघं गाडीशेजारी उभी राहून आलेल्यांना वाकून नमस्कार करतात, मग गाडी एक लांब हॉर्न देऊन निघते. फोटो भावाच्या हातात होता. सगळ्यांच्या माना खाली. ओकुसाननी दोन शब्द बोलायचे होते. त्याऐवजी त्या चार पावलं चालत माझ्यापाशी आल्या आणि ती पाटी माझ्या हातात दिली.

"धर जरा," म्हणाल्या.

आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

एकटीच बाई, बर्फात, काळ्या किमोनोत. जोरात, पोकळ हातांनी, थेट गाडीकडे तोंड करून. मुलीने पहिली साथ दिली. मग नवऱ्याने. मग मागून आमची मंडळी, जी चकल्यांसाठी उठली होती तीच, ते काका, त्या काकू, सगळी. मी शब्द दिला होता, हात लाल होईपर्यंत वाजवीन म्हणून, आणि माझ्याच हातांत ती पाटी. मी ती छातीशी धरून ढसाढसा रडत होते. माझ्या दोन टाळ्या आत वाजून गेल्या होत्या, चुकून. तेवढ्याच माझ्या.

भाऊ हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसत नव्हतं. पण समोर माणसं काहीतरी देत असताना जपानी माणूस ताठ उभा राहू शकत नाही. तो फोटो पुढे धरून कमरेतून वाकला. त्याच्याबरोबर फोटो वाकला, टोपीसकट. तो सरळ झाला, टाळ्या चालूच. पुन्हा वाकला. फोटो पुन्हा वाकला. मंडळी वाजवतायत आणि नटवर्य येतायत, वाकतायत, जातायत, परत येतायत. जपानी नातेवाईक बघत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आत्याने हात वर आणले आणि आवाज न करता वाजवायला लागली. मग दुसऱ्या कोणी. थांबायचं कोणी, हे कोणालाच कळेना. थांबलं की तो माणूस घरी जाणार होता.

ड्रायव्हर दाराला हात लावून उभा होता. पोरांचे हात गारठले. एकेक जण ओकुसानकडे बघायला लागला. त्यांच्या टाळ्या हळू झाल्या, मग सुट्या झाल्या, आणि एक टाळी वाजवून त्यांनी हात एकमेकांतच घट्ट धरून ठेवले. भाऊ वाकलेला होता, तो सरळ झाला. फोटो सरळ झाला. मग हॉर्न वाजला. ओकुसान फोटोकडे बघत राहिल्या. तो पुन्हा वाकला नाही.